आईचा कॅमेरा ऑफलाइन का गेला? २.४ गिगाहर्ट्झची ऐंशी वर्षांची गोष्ट

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बसमध्ये हेडफोन विसरला असाल तर वाचा, नाहीतर नेहमीसारखं ऐका.

सुरुवात एका फोनपासून करतो. रात्रीचे साडेनऊ. मी पुण्यात, आई मिरजेला. व्हिडिओ कॉल चालू. तिच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात घरचा सिक्युरिटी कॅमेरा, आणि त्यावरचा लाल दिवा लुकलुकतोय.

"अरे, आतली बाई पुन्हा तेच म्हणतेय. कनेक्शन फेल्ड."

"आई, पाच मिनिटांचं काम आहे. तू फक्त मी सांगतो तसं कर."

हे पाच मिनिटांचं काम तीन संध्याकाळी चाललं. मी बीटेक, रोज सर्व्हर सांभाळून पगार घेणारा माणूस, आणि दोन हजारांचा कॅमेरा मला ऐकेना.

आता तो कॅमेरा का घेतला, ते सांगायला हवं. बाबा गेल्यापासून आई एकटीच राहते. गेल्या दिवाळीनंतर एका रात्री दोनच्या सुमाराला परसदाराची कडी वाजली. कोणीतरी बाहेरून दार ढकलून बघत होतं. आई दिवा न लावता सकाळपर्यंत खाटेवर बसून राहिली. शेजाऱ्यांना उठवलं नाही, मला फोन केला नाही. दोन दिवसांनी बोलता बोलता सांगितलं, "उगाच तुझी झोप कशाला मोडू?" त्याच आठवड्यात मी कॅमेरा पाठवला. सहा महिने छान चालला. मग इंटरनेटवाल्याने जुना राउटर बदलून नवा दिला, आणि कॅमेरा जो ऑफलाइन गेला तो गेलाच.

तर मंडळी, हा कॅमेरा खराब नव्हता. राउटरही खराब नव्हता. दोघांच्या मध्ये १९४७, १९८५, १९९९ आणि २०१८ ही सालं उभी होती. त्या सालांची ही गोष्ट.

आधी भीती, मग कॅमेरा

घरातल्या सिक्युरिटी कॅमेऱ्याची सुरुवात शोधत गेलो तर न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात एक नर्स भेटते. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा आडनिड्या. बऱ्याच रात्री ती घरी एकटी. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि पोलिसांना बोलावलं तर ते यायला उशीर. रात्री दार वाजलं की उठून दारापर्यंत जायचं आणि पलीकडे कोण आहे ते बघायचं, हे तिला नको होतं.

नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्समधला. दोघांनी मिळून एक रचना केली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, म्हणजे उंच माणूस असो की लहान मूल, चेहरा दिसेल. भोकांच्या मागे वरखाली सरकणारा कॅमेरा. चित्र झोपण्याच्या खोलीतल्या टीव्हीच्या पडद्यावर. बाहेरच्या माणसाशी बोलायला माइक आणि स्पीकर. ओळखीचा असेल तर एका बटणाने दार उघडायचं, नसेल तर दुसऱ्या बटणाने धोक्याची घंटा. १ ऑगस्ट १९६६ ला अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं. क्रमांक ३४८२०३७.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. या रचनेत पडदा कुणाच्या खोलीत होता? जिला भीती वाटत होती तिच्याच.

मेरीच्या घरात इंटरनेट नव्हतं, कारण ते जगातच नव्हतं. कॅमेरा नेटवर्कला जोडला गेला तो १९९१ मध्ये, केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, आणि तोसुद्धा चोरासाठी नाही, कॉफीसाठी! कॉफीचं भांडं एका खोलीत, संशोधक इमारतभर विखुरलेले. जिने चढून यावं तर भांडं रिकामं. म्हणून भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं बारकं काळंपांढरं चित्र सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिसेल अशी सोय केली. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरातली माणसं त्या भांड्याकडे बघत बसली. २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला. दरम्यान, १९९६ मध्ये स्वीडनच्या अॅक्सिस कंपनीने थेट नेटवर्कला जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला होता.

या सगळ्यांना वायर होती. वायर असली की भांडण कमी. आमचं भांडण हवेत होतं.

पहिली संध्याकाळ: फोन एकीकडे, कॅमेरा दुसरीकडे

कॅमेऱ्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: फक्त २.४ गिगाहर्ट्झ. आपण ते वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

ही २.४ ची भानगड स्वयंपाकघरातून आली आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाच्या नळ्या बनत होत्या. अमेरिकेच्या रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट अशाच एका चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळलं, असा किस्सा सांगतात. किस्सा बाजूला ठेवला तरी पेटंट त्याच्या नावावर आहे, आणि १९४७ मध्ये कंपनीने 'रडारेंज' नावाचा ओव्हन विकायला काढला. सहा फुटांच्या आसपास उंच, तीनशे किलोंहून जड.

त्याच १९४७ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. प्रश्न असा होता की कारखाने, दवाखाने आणि असले ओव्हन रेडिओ लहरी वापरतात, पण संदेश पाठवायला नाही, तापवायला. त्यांचा गोंगाट रेडिओच्या कामात येतो. मग काही फ्रिक्वेन्सी त्यांच्यासाठी बाजूला काढल्या. २४५० मेगाहर्ट्झच्या आजूबाजूचा पट्टा त्यातलाच. इथे गोंगाट होणारच, ज्याला बोलायचं त्याने सहन करून बोलावं, असा हिशेब. आणि हो, पाण्याचा रेणू नेमका याच फ्रिक्वेन्सीला थरथरतो म्हणून ती निवडली, हे जे फॉरवर्ड फिरतं ना, ते चूक आहे. पाणी बऱ्याच फ्रिक्वेन्सींना तापतं.

जवळपास चाळीस वर्षं हा पट्टा म्हणजे गावाबाहेरची गायरान जमीन होती. मग १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, ठरवलं की या गोंगाटाच्या पट्ट्यात कोणीही परवान्याशिवाय बोलावं. मायकेल मार्कस नावाच्या इंजिनिअरने यासाठी जोर लावला होता. अट एकच: कमी ताकदीने बोला, आणि सिग्नल एका जागी न ठेवता पसरवून पाठवा, म्हणजे एकमेकांना त्रास कमी.

फुकटची जागा मिळाल्यावर कोण आलं? एनसीआर, दुकानातली कॅश रजिस्टर बनवणारी कंपनी. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्यांच्या वायरी उपटा, परत टाका. तो त्रास त्यांना संपवायचा होता. त्यांच्या नेदरलँड्समधल्या चमूने बिनतारी नेटवर्क बनवलं, आणि तिथलेच व्हिक हेज १९९० पासून आयईईईच्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये पहिलं मानक आलं. वेग फक्त २ मेगाबिट.

१९९९ मध्ये या मानकाला दोन पोरं झाली. एक '८०२.११बी', २.४ गिगाहर्ट्झवर, ११ मेगाबिट. दुसरं '८०२.११ए', ५ गिगाहर्ट्झवर, ५४ मेगाबिट. हुशार दुसरं, पण स्वस्त आणि लवकर बाजारात आलं ते पहिलं. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या मंचावर स्टीव्ह जॉब्सने आयबुक लॅपटॉप हुला हूपच्या रिंगमधून फिरवून दाखवला, की बघा, वायर नाही! 'वायफाय' हे नावही तेव्हाचंच. एका ब्रँडिंग कंपनीकडून बनवून घेतलेलं. ते कशाचंही लघुरूप नाही.

आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा. दुसऱ्या कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं घरात बाळगणं हासुद्धा गुन्हा होता! जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमध्ये मोठी मोकळीक मिळाली ती २०१८ मध्ये. म्हणजे आपल्या घरातलं वायफाय कायद्याच्या दृष्टीने तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने लहान आहे.

आता परत मिरजेला. स्वस्त कॅमेऱ्यात स्वस्त चिप असते. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची 'ईएसपी८२६६' चिप आली आणि वायफाय इतकं स्वस्त झालं की बल्ब, प्लग, कुकर, सगळ्यात बसायला लागलं. ती चिप फक्त २.४ वर बोलते. अशा वस्तूंना वेग लागत नाही, किंमत कमी लागते, आणि २.४ च्या लहरी भिंतीतून ५ पेक्षा बऱ्या जातात. आमच्या घराच्या भिंती जुन्या, दगडी. त्या दृष्टीने २.४ हीच योग्य निवड.

पण नवा राउटर दोन्ही बँडवर एकाच नावाने बोलत होता, आणि आईचा फोन जवळ असल्यामुळे ५ वर बसला होता. आमचा कॅमेरा अशा जातीचा की सेटअपच्या वेळी फोन हवेत डेटाची पाकिटं सोडतो, त्या पाकिटांच्या लांबीत वायफायचं नाव आणि पासवर्ड लपवलेला असतो, आणि कॅमेरा ते कान देऊन ऐकतो. फोन ५ वर बोलणार, कॅमेरा २.४ वर ऐकणार. एक माणूस मिरज स्टेशनवर उभा, दुसरा सांगली स्टेशनवर, आणि दोघंही म्हणतात, "मी कधीचा वाट बघतोय!"

उपाय: राउटरमध्ये दोन्ही बँडची नावं वेगळी करायची, किंवा सेटअपपुरता ५ बंद करायचा. शेजारची अकरावीतली मुलगी आईच्या मदतीला आली. मी फोनवर सांगितलं, तिने दहा मिनिटांत केलं. लाल दिवा मात्र लालच.

दुसरी संध्याकाळ: कुलूप नवीन, किल्ली जुनी

वायफायला पहिलं कुलूप होतं 'वेप'. नावातच दावा होता की वायरइतकीच गोपनीयता. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्यामागच्या गणितातली फट दाखवली, आणि मग कोणीही गाडीत लॅपटॉप घेऊन बसावं आणि ते कुलूप उघडावं अशी अवस्था झाली. घाईघाईने २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए' आलं, २००४ मध्ये मजबूत 'डब्ल्यूपीए२'. ते चौदा वर्षं टिकलं. २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए३' आलं.

नव्या राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ चालू होतं. आमच्या कॅमेऱ्याला ते कुलूपच माहीत नाही. फोन जोडला जातो, लॅपटॉप जोडला जातो, म्हणून आपण म्हणतो राउटर ठीक आहे, कॅमेराच बिघडला. कॅमेरा बिचारा जुनी किल्ली घेऊन नव्या दारापुढे उभा.

म्हणून राउटरच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ निवडायचं. दोन्ही एकत्र चालतात असा पर्याय असतो, पण काही जुने कॅमेरे त्यातही अडखळतात. वेप किंवा 'ओपन' मात्र चुकूनही ठेवू नका. शक्य असेल तर गेस्ट नेटवर्क काढा, फक्त २.४ आणि डब्ल्यूपीए२ चं, आणि घरातल्या असल्या वस्तू तिथे ठेवा.

आम्ही तेही केलं. आतली बाई म्हणाली, कनेक्शन फेल्ड. आई म्हणाली, "राहू दे रे. मी कडीला कुलूप घालीन." तिच्या आवाजात चिडचिड नव्हती, दमलेपण होतं. मला ती कडी वाजल्याची रात्र आठवली. शनिवारी गाडी पकडून मी मिरज गाठली.

तिसरी संध्याकाळ: चूक कुणाची?

पोहोचल्यावर चहाआधी राउटर उघडला. चॅनल बघितला. २.४ मध्ये आपल्याकडे तेरा चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत. अमेरिकेत १२ आणि १३ सहसा वापरत नाहीत, त्यामुळे त्या बाजारासाठी बनवलेल्या कॅमेऱ्याला १३ वरचं वायफाय दिसतच नाही. आमचा राउटर ६ वर होता. तिथे गडबड नव्हती.

मग माझं लक्ष नावाकडे गेलं. नवा राउटर आला तेव्हा मीच लाडाने वायफायचं नाव ठेवलं होतं: 'आईचं घर'. देवनागरीत. फोनवर किती छान दिसायचं!

वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एक बाइटचं. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची, त्यात काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे. म्हणजे जेमतेम दहा खुणा. 'आईचं घर' मध्ये सहा खुणा आणि एक मोकळी जागा, १९ बाइट, मर्यादेत बसतं. नियमाने चालायला हवं. पण स्वस्त कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने इंग्रजी अक्षरांपलीकडे कोणी नाव ठेवेल असा विचारच केला नसला, तर तिथे ते गडबडतं. नाव साध्या रोमन अक्षरांत केलं, मोकळी जागा काढली, आणि दिवा निळा झाला.

तीन संध्याकाळी मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. शेवटचा अडथळा माझ्याच हातचा होता.

तुमचा कॅमेरा जोडला जात नसेल तर हाच क्रम लावा:

१. प्लग आणि अॅडॉप्टर. हसू नका, पुढे कळेल.
२. फोन २.४ वर आहे का? बँडची नावं वेगळी करा.
३. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ आहे का?
४. नाव साधं रोमन, पासवर्डमध्ये फोनच्या कीबोर्डने पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल केलेलं नाही ना, ते बघा.
५. चॅनल १, ६ किंवा ११.
६. कॅमेरा राउटरजवळ आणून सेटअप, मग जागेवर. मधे मायक्रोवेव्ह असेल तर जागा बदला. १९४७ पासून तो पट्टा आधी त्याचा आहे!
७. कॅमेऱ्याला क्यूआर कोड वाचता येत असेल तर ती पद्धत वापरा. फोनच्या पडद्यावरचा कोड कॅमेऱ्यापुढे धरायचा. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी गाड्यांच्या सुट्या भागांवर लावायला हा कोड बनवला. कॅमेऱ्याला तो डोळ्यांनी वाचता येतो, मग फोन कुठल्या बँडवर आहे याने फरक पडत नाही.

आणि जोडल्यावर पहिलं काम: कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले साधेसाधे पासवर्ड वापरून. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेने डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना काही तास उघडेनात. चोर बघायला लावलेले कॅमेरे स्वतःच चोराचे हात झाले.

पडदा कुणाच्या खोलीत?

रविवारी रात्री मी पुण्याला परतलो. बुधवारी दुपारी कॅमेरा पुन्हा ऑफलाइन! मीटिंग सोडून राउटर, अॅप, सगळं तपासलं. शेवटी फोन केला.

"मीच बंद केलाय," आई म्हणाली. "मी घरात जागी असताना तो कशाला? दिवसभर तू बघतोस की नाही मला कळत नाही, आणि मी परसात नीट बसूही शकत नाही."

तेव्हा मला मेरी ब्राउनचा पडदा आठवला. तो तिच्या झोपण्याच्या खोलीत होता. बघणारी ती, बटण तिच्या हातात. मी आईसाठी कॅमेरा लावला आणि पडदा माझ्या खिशात ठेवला. भीती तिची, बघणारा मी. साठ वर्षांत कॅमेरा स्वस्त झाला, बिनतारी झाला, आणि जिच्यासाठी होता तिच्याकडून हळूच सरकला.

पुढच्या खेपेला आम्ही तीन गोष्टी केल्या. कॅमेरा आतून काढून परसदाराच्या बाहेरच्या बाजूला, फक्त दाराकडे रोखून लावला. अॅप आधी आईच्या फोनवर, मग माझ्या. आणि प्लगचं बटण तिच्या खाटेपासून हात पोहोचेल अशा जागी. दिवसा बंद, रात्री चालू, ठरवणार ती. मी एवढंच मागितलं की पुन्हा कधी कडी वाजली तर माझी झोप मोडायची.

परवा रात्री सव्वाअकराला तिचा मेसेज आला. सोबत फोटो. दारात एक मांजर, कॅमेऱ्याकडे बघतंय. खाली लिहिलंय, "हा होता कडी वाजवणारा? झोप आता."

मांजराला कडी वाजवता येत नाही, हे तिलाही माहीत आहे. पण त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो.

तुमच्या घरच्या कॅमेऱ्याने तुम्हाला किती संध्याकाळी छळलं, ते नक्की कळवा. आणि जोडून झाला की घरातल्या ज्येष्ठांना एकदा विचारा, बटण कुठे हवंय. भेटू पुढच्या भागात!